ज्यांच्या नावाने राज्य घेतले

गोव्यात ज्यांचे लग्न झाले आहे, किंवा ज्यांनी तिथल्या नातलगाचे लग्न जवळून पाहिले आहे, त्यांना ‘पहिली सही’ आणि ‘दुसरी सही’ म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. मांडव, अक्षता, वाजंत्री, पंगत हे सगळे यथास्थित होतेच. पण कायद्याच्या हिशेबाने लग्न लागते ते तालुक्याच्या नागरी नोंदणी कार्यालयात. वधूवरांनी आधी तिथे जाऊन इरादा नोंदवायचा, मग नोटीस लागते, आणि हरकतीची मुदत उलटली की साक्षीदार घेऊन पुन्हा जायचे. गोव्याबाहेरून आलेल्या सोयऱ्यांना हा दुसरा फेरा बहुधा ऐन धांदलीत कळतो. विवाह ही धर्मसंस्थेची नव्हे, राज्याच्या दफ्तरातली गोष्ट आहे, असे ठरवणारा जो कायदा या सगळ्याच्या मुळाशी आहे, तो २५ डिसेंबर १९१० रोजी लिस्बनमध्ये निघाला, आणि तो काढणारे सरकार त्या दिवशी अवघे ८१ दिवसांचे होते. ५ ऑक्टोबरला त्याने पोर्तुगालच्या राजाला घालवून प्रजासत्ताक जाहीर केले होते.

समान नागरी कायद्याच्या वादात गोव्याचा दाखला दोन्ही बाजूंचे लोक देतात, पण त्या कायद्यामागच्या क्रांतीचे नाव क्वचितच निघते. क्रांती म्हटली की आपल्याला पॅरिस नाहीतर पेत्रोग्राड आठवते. वास्तविक १९१० साली युरोपात फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि चिमुकले सान मारिनो सोडले तर सगळीकडे राजेच होते, आणि अशा काळात एका जुन्या कॅथलिक राजघराण्याची गादी दोन दिवसांत उलथली ही लहान घटना नव्हती. तिची कारणे कोणती आणि तिचे पुढे काय झाले, हे दोन स्वतंत्र प्रश्न म्हणून विचारले जातात. माझे म्हणणे असे की दोहोंचे उत्तर एकाच कागदावर सापडते, आणि तो कागद म्हणजे मतदारयादी. राजाच्या माणसांनी ती यादी आवळली म्हणून वेळ आली तेव्हा राजा एकटा पडला. प्रजासत्ताकाने ती त्याहूनही आवळली, आणि सोळा वर्षांनी तेही तसेच एकटे पडले.

पाठ्यपुस्तकी कारणे वेगळी दिली जातात आणि ती खोटी नाहीत. पहिले कारण अपमानाचे. आफ्रिकेत पश्चिमेच्या अंगोलापासून पूर्वेच्या मोझांबिकपर्यंतचा सलग पट्टा आपला, असे दाखवणारा एक गुलाबी रंगवलेला नकाशा पोर्तुगालने मिरवला होता. ११ जानेवारी १८९० रोजी ब्रिटनने निर्वाणीचा खलिता धाडून मधल्या मुलखातून सैन्य काढा असे बजावले, आणि लिस्बनने मान तुकवली. राजा कार्लोस गादीवर येऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. इंग्रजांवरच्या त्या संतापातून एक गाणे रचले गेले, आणि पुढे प्रजासत्ताकाने तेच राष्ट्रगीत केले. ‘इंग्रजांवर चालून जा’ हे शब्द मात्र बदलून तिथे ‘तोफांवर’ असे घालण्यात आले, कारण राज्य हाती आल्यावर ब्रिटनशी वैर परवडणारे नव्हते. दुसरे कारण दिवाळखोरीचे. १८९२ मध्ये सरकारला परदेशी कर्जाचे पूर्ण व्याज देता येईना आणि अंशतः दिवाळे जाहीर करावे लागले. तिसरे कारण राजघराण्याच्या उचलींचे. राजाला मिळणारा ठरीव तनखा पुरत नसे म्हणून एकामागून एक सरकारे खजिन्यातून गुपचूप आगाऊ रकमा देत आली होती, आणि १९०६ मध्ये ते बिंग संसदेत फुटले. आफोंसो कॉस्टा या वकील सदस्याने तेव्हा सभागृहात उभे राहून सांगितले की कार्लोसने केले त्यापेक्षा कितीतरी कमी गुन्ह्यांसाठी फ्रान्समध्ये सोळाव्या लुईचे मस्तक वधस्तंभावर पडले. त्याला सभागृहातून बाहेर काढण्यात आले. वाक्य मात्र देशभर पोचले.

पण अपमान, कर्ज आणि उधळपट्टी एवढ्याने गादी जात असती तर शेजारच्या स्पेनचा राजा आधी जायला हवा होता. १८९८ मध्ये स्पेनने क्यूबा, पोर्तो रिको आणि फिलिपिन्स एका वर्षात गमावले. तरी तिथली राजेशाही १९३१ पर्यंत टिकली. तेव्हा पोर्तुगालात आणखी काहीतरी घडत होते.

ते असे. देशात दोन मोठे पक्ष होते आणि ते आलटून पालटून राज्य करत. निवडणुकीतून सरकार येत नसे. राजा सरकार नेमी आणि मग ते सरकार निवडणूक ‘करून घेई’. गावोगावचे वजनदार लोक, म्हणजे जमीनदार, पाद्री, नोटरी, आपापल्या पट्ट्यातली मते बांधून देत आणि बदल्यात रस्ता, नोकरी, सैन्यभरतीतून सूट असे काहीबाही मिळवत. आपल्याकडच्या वाचकाला हा व्यवहार फार परका वाटणार नाही. तरीही १८७८च्या कायद्याने एक दार उघडले होते: कुटुंबप्रमुख पुरुषाला, तो निरक्षर असला तरी, मत मिळाले होते. शहरांत प्रजासत्ताकवाद्यांचा जोर वाढू लागला तसे हे दार बंद होऊ लागले. १८९५च्या फर्मानाने मतदार कमी केले. १९०१च्या कायद्याने लिस्बन आणि पोर्तो या शहरांचे मतदारसंघ चिरून त्यांचे तुकडे भोवतालच्या खेड्यांना जोडले, म्हणजे शहरी मत ग्रामीण मतात बुडावे. हा प्रकार इतका उघडा होता की जुआंव फ्रांको या राजनिष्ठ पुढाऱ्यानेच त्याला ‘नीच घाण’ असे नाव दिले आणि ते कायमचे चिकटले. गंमत अशी की १८९५च्या फर्मानाच्या वेळी गृहमंत्री खुद्द फ्रांकोच होता.

याच फ्रांकोला राजाने १९०६ मध्ये पंतप्रधान केले, आणि मे १९०७ पासून तो संसद बंद ठेवून फर्मानांवर कारभार करू लागला. आता राजाला आणि लोकांना जोडणारा तो मोडका, भ्रष्ट, बांधलेल्या मतांचा पूलही उरला नाही. ३१ जानेवारी १९०८ रोजी राजाने आपल्या विला विसोझा येथील वाड्यात एका फर्मानावर सही केली, ज्यामुळे राजकीय आरोपींना वसाहतींत हद्दपार करता येणार होते. दुसऱ्या दिवशी तो सहकुटुंब लिस्बनला परतला. नदी ओलांडून आल्यावर उघड्या बग्गीतून वाड्याकडे निघालेल्या राजावर धक्क्याजवळच्या मोठ्या चौकात गोळ्या झाडल्या गेल्या. कार्लोस आणि युवराज लुईस फिलिपे दोघे ठार झाले. राणी अमेलियाने हातातल्या फुलांच्या गुच्छाने मारेकऱ्याला झोडपल्याचे चित्र तेव्हाच्या सचित्र पत्रांनी जगभर छापले. मारेकऱ्यांपैकी एक शाळामास्तर होता, दुसरा दुकानातला कारकून. शिकलेला पण अडवून ठेवलेला शहरी मध्यमवर्ग कुठवर आला होता, हे त्यांच्या पेशांवरून समजते.

धाकटा मुलगा मानुएल अठराव्या वर्षी राजा झाला. त्याने फ्रांकोला घालवले आणि सगळ्यांना चुचकारण्याचे धोरण धरले. बत्तीस महिन्यांत सहा सरकारे झाली. माणूस म्हणून तो सभ्य आणि अभ्यासू होता. पण हत्येनंतर जी सहानुभूती मिळाली तिचे रूपांतर आधारात करण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे प्रामाणिक निवडणूक, आणि दोन्ही जुने पक्ष त्याला तयार नव्हते. १९०८च्या नोव्हेंबरात लिस्बनची नगरपालिका प्रजासत्ताकवाद्यांनी जिंकली, आणि पुढच्या वर्षी सेतूबाल येथील अधिवेशनात त्यांनी सशस्त्र उठावाचा निर्णय केला.

तो उठाव कसा झाला हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे, कारण क्रांतीच्या पुतळ्यांवरून वाटते तितके ते धीरोदात्त नव्हते. ३ ऑक्टोबर १९१० रोजी सकाळी प्रजासत्ताकवाद्यांचे एक पुढारी, मनोविकारतज्ज्ञ मिगेल बोंबार्दा यांच्यावर त्यांच्याच एका रुग्णाने गोळ्या झाडल्या. रात्री उठाव सुरू झाला, पण ठरलेल्या पलटणींपैकी बऱ्याच बाहेर पडल्याच नाहीत. सगळे फसले असे समजून उठावाचे लष्करी प्रमुख अॅडमिरल कांदिदो दोस रेस यांनी पहाटे स्वतःला गोळी घालून घेतली. शहराच्या टोकाला, रोटुंडा नावाच्या चौकात जमलेले अधिकारीही निराश होऊन निघून गेले. मागे राहिला तो माशादो सांतोस, नौदलाच्या हिशेबखात्यातला एक कनिष्ठ अधिकारी, आणि त्याच्याबरोबर दोन-एकशे सैनिक आणि नागरिक. तो हलला नाही. इकडे राजा आदल्या रात्री ब्राझीलच्या नियोजित अध्यक्षांबरोबर मेजवानीला बसला होता; ४ तारखेला नदीतल्या ‘आदामास्तोर’ आणि ‘सांव राफाएल’ या दोन बंडखोर क्रूझरांनी राजवाड्यावर तोफा डागल्या आणि तो लिस्बनबाहेरच्या माफ्रा येथील वाड्याकडे निघाला.

५ तारखेच्या सकाळी जर्मन वकिलातीच्या एका अधिकाऱ्याने, परदेशी नागरिकांना शहराबाहेर काढता यावे म्हणून, तात्पुरता युद्धविराम मागितला आणि पांढरे निशाण घेऊन तो रोटुंडाकडे निघाला. लोकांनी पांढरे निशाण पाहिले आणि त्यांना वाटले राजाचे सैन्य शरण आले. गर्दी रस्त्यावर लोटली, रोसियो चौकातल्या राजनिष्ठ सैनिकांना मिठ्या मारू लागली, आणि त्या मिठ्यांतून सैन्य उरलेच नाही. नगरपालिकेच्या सज्जातून जोसे रेल्व्हास याने प्रजासत्ताक जाहीर केले. मानुएल आई आणि आजीसह एरिसेइरा या कोळ्यांच्या गावाच्या किनाऱ्यावरून होडीत बसला, पुढे आपल्या नौकेतून जिब्राल्टरला आणि तिथून इंग्लंडला गेला. बाकीच्या देशाला राज्य बदलल्याची बातमी तारेने कळली.

चुकून वाचलेल्या एका निशाणामुळे राजेशाही गेली, असे म्हणण्याचा मोह होतो. पण निशाण चुकून वाचले गेले तरी त्याचा अर्थ बरोबर होता: राजासाठी मरायला कोणी तयार नव्हते. मंत्री घरी होते, बडे सरदार घरी होते, आणि ज्या खेड्यांच्या नावावर वर्षानुवर्षे बहुमते मिळवली गेली त्या खेड्यांतून एक माणूस राजाला वाचवायला आला नाही, कारण ती बहुमते मुळात त्यांची नव्हतीच.

नव्या सरकारने कामाचा धडाका लावला हे मान्यच करायला हवे. तेओफिलो ब्रागा या साहित्याच्या प्राध्यापकाच्या अध्यक्षतेखालील हंगामी सरकारात खरा जोर होता न्यायमंत्री आफोंसो कॉस्टाचा. एका महिन्याच्या आत घटस्फोटाचा कायदा, वर्ष संपायच्या आत विवाह आणि कुटुंबाचे कायदे, संपाच्या हक्काला मान्यता, पुढल्या वर्षी लिस्बन आणि पोर्तो येथे विद्यापीठे, प्राथमिक शिक्षणाची पुनर्रचना, नवे चलन, आणि २० एप्रिल १९११ रोजी चर्च आणि राज्य यांना वेगळे करणारा कायदा. यांतला एकेक बदल सुधारणावादी महाराष्ट्राच्या मागणीपत्रात शोभला असता. पण ज्या रयतेसाठी हे सगळे होते तिला विचारण्याची वेळ आली तेव्हा हेच सरकार गडबडले.

१९११च्या मार्चमधल्या निवडणूक कायद्यात मताचा हक्क एकवीस वर्षांवरील अशा पोर्तुगीजांना दिला होता जे लिहू-वाचू शकतात किंवा कुटुंबप्रमुख आहेत. ‘पोर्तुगीज’ म्हणजे पुरुष असे लिहायचे राहून गेले. कॅरोलिना बियाट्रिस आंजेलो ही शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर होती, विधवा होती, एका मुलीची आई होती; म्हणजे शिकलेलीही आणि कुटुंबप्रमुखही. तिने नाव नोंदवण्याचा अर्ज केला, तो फेटाळला गेला, ती न्यायालयात गेली, आणि न्यायाधीशाने कायद्याचे शब्द वाचून तिच्या बाजूने निकाल दिला. २८ मे १९११ रोजी तिने लिस्बनमध्ये मत दिले. त्याच वर्षी ऑक्टोबरात, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, ती वारली. १९१३ मध्ये प्रजासत्ताकाने कायदा दुरुस्त केला: आता ‘पुरुष’ हा शब्द स्पष्टपणे घातला गेला, आणि कुटुंबप्रमुख असण्याची सवलतही काढून टाकली गेली. फक्त साक्षर पुरुष. देशात तेव्हा दर चार माणसांमागे तीन निरक्षर होते. १९११च्या यादीत सुमारे साडेआठ लाख नावे होती, ती १९१३ मध्ये सुमारे चार लाखांवर आली. राजेशाहीच्या शेवटच्या वर्षातली यादीसुद्धा, जिच्याविरुद्ध प्रजासत्ताकवाद्यांनी दोन दशके ओरड केली होती, याहून पुष्कळ मोठी होती.

त्यांच्या बाजूने एक युक्तिवाद होता आणि तो फुसका नव्हता. निरक्षर शेतकऱ्याला मत दिले म्हणजे ते पाद्र्याला आणि जमीनदाराला दिल्यासारखे आहे, ते मत राजाला परत आणील, तेव्हा आधी शाळा आणि मग मत, असे कॉस्टा आणि त्याचे सहकारी प्रामाणिकपणे मानत होते. आपल्याकडे आगरकर-टिळक काळात ‘आधी सामाजिक की आधी राजकीय’ हा वाद रंगला होता, त्याचीच ही पोर्तुगीज बहीण म्हणायला हरकत नाही. फरक असा की आपल्याकडे दोन्ही पक्षांच्या हाती राज्य नव्हते, तिथे एका पक्षाच्या हाती होते, आणि ज्याच्या हाती राज्य असते त्याला ‘आधी’ हा शब्द फार सोयीचा पडतो. शाळा निघाल्या, पण पैसा नव्हता. पुढे युद्ध आले. १९३० मध्येही निम्म्याहून कितीतरी अधिक लोक निरक्षरच होते.

हा युक्तिवाद खरा की खोटा याची परीक्षा पोर्तुगालात झाली नाही, ती दुसरीकडे झाली. १९५१च्या जनगणनेत भारतातली साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती, म्हणजे १९११च्या पोर्तुगालपेक्षाही कमी. संस्थानिक नुकतेच गेले होते आणि त्यांच्याविषयी निष्ठा बाळगणारी रयत पुष्कळ होती. तरी पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे सतरा कोटी स्त्रीपुरुषांची नावे यादीत घेतली गेली आणि न वाचता येणाऱ्यासाठी पेट्यांवर चिन्हे लावली गेली. काही ठिकाणी राजघराण्यातले उमेदवार निवडूनही आले. त्यामुळे कोणत्याही संस्थानाची गादी परत आली नाही. आले ते एवढेच की माजी राजाला मताचा जोगवा मागत दारोदार फिरावे लागले. पोर्तुगीज प्रजासत्ताकाने आपल्या शेतकऱ्यावर हा विश्वास टाकला असता तर पहिली एक-दोन संसदे त्याच्या विरोधात गेली असती, हे अगदी शक्य आहे. पण मग विरोधकांना बंडाऐवजी बाक मिळाले असते.

मिळाले ते उलटेच. यादी लहान असल्यामुळे आफोंसो कॉस्टाच्या पक्षाला बहुमत मिळवणे सोपे आणि त्याला मतपेटीतून हटवणे जवळजवळ अशक्य झाले. ज्यांना तो नको होता त्यांच्यापुढे सैन्याची बराक हाच मतदारसंघ उरला. कामगारांचीही निराशा झाली: जानेवारी १९१२ मध्ये एव्होराच्या शेतमजुरांच्या पाठिंब्यासाठी लिस्बनमध्ये सार्वत्रिक संप झाला तेव्हा सरकारने लष्करी कायदा पुकारला, संघटनांचे कार्यालय बंद केले आणि धरलेल्या कामगारांना नदीतल्या जहाजांवर डांबले. कॉस्टाला ‘संघटना फोडणारा’ असे टोपणनाव पडले. १९१६ मध्ये देश महायुद्धात उतरला; एप्रिल १९१८ मध्ये फ्लँडर्समध्ये ला लीसच्या लढाईत पोर्तुगीज तुकडीची धूळधाण उडाली. सोळा वर्षांत पंचेचाळीस सरकारे आणि आठ अध्यक्ष झाले. त्या सगळ्यांची हकिगत सांगण्यात अर्थ नाही. वाचणाऱ्याला आणि सांगणाऱ्यालाही घेरी येते.

एक प्रसंग मात्र सोडता येत नाही. डिसेंबर १९१७ मध्ये सिदोनियो पाइस नावाच्या गणिताच्या प्राध्यापक-सैनिकाने बंड करून सत्ता घेतली. त्याने पहिल्या काही महिन्यांत सर्व प्रौढ पुरुषांना, निरक्षरांनाही, मत दिले आणि १९१८च्या एप्रिलमध्ये थेट जनतेकडून अध्यक्ष म्हणून निवडून आला. तो हुकूमशहा होता यात शंका नाही. पण प्रजेच्या नावाने राज्य घेणाऱ्यांनी जे दिले नाही ते हुकूमशहाने दिले, आणि लोक त्याच्यामागे गेले. डिसेंबरात लिस्बनच्या रेल्वे स्थानकावर त्याचा खून झाला. लोकशाहीवादी परत आले आणि त्यांनी निरक्षरांचे मत पुन्हा काढून घेतले. पुढे काय होणार हे इथेच ठरले असे मला वाटते. यानंतर जो कोणी येईल त्याला सामान्य माणसाला एवढेच सांगायचे होते की हे प्रजासत्ताक तुझे नव्हे. आणि ते सांगणे खोटे ठरले नसते.

१९ ऑक्टोबर १९२१च्या रात्री बंडखोर नौसैनिकांची एक ट्रक लिस्बनच्या रस्त्यांतून फिरली आणि एकेका पुढाऱ्याला उचलून घेऊन गेली. पंतप्रधान आंतोनियो ग्रांजो मारला गेला. दोन दिवस रोटुंडात एकटा तग धरून प्रजासत्ताक आणणारा माशादो सांतोसही त्याच रात्री मारला गेला, राजाच्या माणसांकडून नव्हे.

२८ मे १९२६ रोजी जनरल गोमेस द कॉस्टाने ब्रागा शहरातून लिस्बनकडे कूच केले. कॅरोलिना आंजेलोने मत दिले त्याला त्या दिवशी बरोबर पंधरा वर्षे झाली होती; या योगायोगाकडे तेव्हा कोणाचे लक्ष गेले असेल असे वाटत नाही. लिस्बनमध्ये बंडाचे नेतृत्व मेंदेस काबेसादासकडे होते, आणि १९१० मध्ये ‘आदामास्तोर’वर बंड उभारणाऱ्यांत हाच काबेसादास होता. ज्या हाताने राजवाड्यावर तोफ वळवली त्याच हाताने प्रजासत्ताकाचे दार लावले. १९२७च्या फेब्रुवारीत पोर्तो आणि लिस्बनमध्ये प्रजासत्ताकवाद्यांनी प्रतिकार केला, शौर्यानेही केला, पण वेळ निघून गेली होती. १९२८ मध्ये कोईंब्रा विद्यापीठातला आंतोनियो सालाझार अर्थमंत्री झाला, १९३२ मध्ये पंतप्रधान, आणि १९६८ पर्यंत तो हलला नाही. त्याच्याच राजवटीने १९३१ मध्ये माध्यमिक शिक्षण घेतलेल्या स्त्रियांना मत दिले. मताला किंमत उरली नव्हती तेव्हाचे हे औदार्य होते.

आता गोव्याकडे, कारण या क्रांतीचे सर्वांत ठोस फळ मला तिथे दिसते आणि तिची मर्यादाही. राजेशाहीच्या १८२६च्या सनदेत कॅथलिक पंथ हा राज्याचा धर्म होता, आणि इतर धर्म, तेही घरगुती उपासनेपुरते, परदेशी माणसांना माफ होते. फोंड्याचा किंवा डिचोलीचा हिंदू परदेशी नव्हता आणि कॅथलिकही नव्हता. म्हणजे आपल्याच गावात सनदेच्या वाक्यात न बसणारा माणूस होता. व्यवहारात एकोणिसाव्या शतकात पुष्कळ निर्बंध सैल झाले होते, तरी समानता ही मेहेरबानी होती. १९१० नंतर राज्याला धर्म उरला नाही, आणि गोव्यातल्या हिंदूंना सरकारी नोकरी, शिक्षण, सभासंस्था यांत बरोबरीचा हक्क मिळाला. पहिल्या काही वर्षांतच वाचनालये, शाळा आणि मराठी नियतकालिके यांना बहर आला. केप्याहून गोविंद पुंडलीक हेगडे देसाई यांचे ‘भारत’ निघू लागले. पोर्तुगीज लिहिणाऱ्या कॅथलिक वर्गातले लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांच्यासारखे बुद्धिवादी संपादक प्रजासत्ताकाचे खंदे पुरस्कर्ते होते. मात्र त्याच प्रजासत्ताकाने १९१२ मध्ये सत्तरी तालुक्यातल्या राणे घराण्याचा उठाव राजाच्या सरकारने मोडला असता तसाच बंदुकीने मोडला, हेही त्याच पानावर लिहायला हवे.

गोव्याला जे मिळाले ते लिस्बनच्या फर्मानाने मिळाले होते, आणि फर्मानाने दिलेले फर्मानाने परत घेता येते. १९३०च्या वसाहत कायद्याने ते दाखवून दिले. परमुलूख ताब्यात ठेवणे आणि तिथल्या लोकांना सुसंस्कृत करणे हे पोर्तुगीज राष्ट्राच्या मूळ स्वभावातच आहे, अशा अर्थाचे कलम त्यात होते. म्हणजे वीस वर्षांपूर्वी नागरिक झालेला गोवेकर पुन्हा सुधारायचा प्राणी ठरला. जुलै १९३० मध्ये मिनेझिस ब्रागांझा यांनी गोव्याच्या विधिमंडळात ठराव मांडला की स्वतःचे भवितव्य स्वतः ठरवण्याचा जो हक्क सर्व लोकांना आहे तो पोर्तुगीज भारताने सोडून दिलेला नाही. ज्या माणसाने प्रजासत्ताकाचे मनापासून स्वागत केले होते त्यानेच हे म्हणावे, यातच त्या प्रजासत्ताकाचा सगळा हिशेब आला. पण त्या ठरावाच्या मागे मतदार नव्हता, आणि लिस्बनमध्ये तो ऐकणारी संसद नव्हती. त्यानंतर वृत्तपत्रांचा गळा आवळला गेला, सभा बंद झाल्या. १८ जून १९४६ रोजी मडगावात लोहियांची सभा झाली, गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्याचे पुढारी त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा तुरुंगात गेले, आणि १९ डिसेंबर १९६१ पर्यंत तो झगडा चालला.

१९१० ची क्रांती फसली म्हणून राजा बरा होता, असा निष्कर्ष पोर्तुगालात काही मंडळी आजही काढतात. तो मला पटत नाही. ज्या राज्यात तनख्याच्या उचली गुपचूप दिल्या जातात आणि मतदारसंघ कात्रीने कापले जातात ते राज्य जाणारच होते, आणि नागरी विवाह, धर्मनिरपेक्ष राज्य, घटस्फोटाचा हक्क या गोष्टी उशिरा येण्यापेक्षा तेव्हा आल्या ते बरे झाले. माझी तक्रार एवढीच की कॉस्टाने आणि त्याच्या सोबत्यांनी राजाच्या माणसांकडून सगळे घेतले आणि एक गोष्ट टाकून द्यायला विसरले, ती म्हणजे रयतेची भीती.

पोर्तुगालात सर्व प्रौढ स्त्रीपुरुषांनी, निरक्षरांसह, पहिल्यांदा मत दिले ते २५ एप्रिल १९७५ रोजी, सैनिकांनी सालाझारची राजवट उलथून टाकल्यानंतर वर्षाने. १९१३च्या यादीत चार लाख नावे होती; या यादीत सुमारे बासष्ट लाख होती आणि त्यांतल्या ९१ टक्क्यांहून अधिक लोकांनी मत दिले. पेडणे, फोंडा, सत्तरी आणि काणकोण इथल्या स्त्रीपुरुषांनी, सही करता येणाऱ्यांनी आणि अंगठा उठवणाऱ्यांनी, आपल्या विधानसभेसाठी तसे मत डिसेंबर १९६३ मध्येच देऊन टाकले होते, लिस्बनच्या अकरा वर्षे आधी.